वाचण्याआधीचे पत्र

पुस्तक वाचावयाचे असते, ही गोष्ट इतकी उघड आहे की एरवी ती लिहून दाखविण्याचे कारण पडले नसते. परंतु लंडन आणि न्यूयॉर्क येथील ग्रंथव्यवहाराकडे पाहिले म्हणजे तिथे निराळीच रीत रूढ झालेली दिसते. नवखा कादंबरीकार चार-पाच वर्षे खपून तीन-चारशे पानांचे हस्तलिखित पुरे करतो, आणि मग त्याला कळते की ते कोणी वाचावे असे वाटत असेल तर आधी एक पत्र लिहिले पाहिजे. हे पत्र प्रकाशकाला लिहावयाचे नसते. ते लिहावयाचे असते लिटररी एजंटला, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थाला. पत्र पानभराचे, सुमारे तीनशे शब्दांचे असावे असा संकेत आहे. त्यात कादंबरी काय आहे हे सांगावयाचे, ती कोणाला आवडेल हे सांगावयाचे, आपण कोण हे सांगावयाचे आणि नम्रपणे थांबावयाचे. इंग्रजीत या पत्राला 'क्वेरी' म्हणतात. आपण त्याला विचारणापत्र म्हणू.

हे पत्र कसे लिहावे हे शिकविणारी पुस्तके आहेत, वर्ग आहेत, पैसे घेऊन ते तपासून देणारी माणसेही आहेत. तो एक व्यवहाराचा कागद आहे असे धरून ही सारी मंडळी बोलतात. त्याच्याकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक ज्या तीनशे शब्दांवर तीनशे पानांचे भवितव्य ठरते, ते शब्द टीकाकाराने बारकाईने वाचावेत अशाच योग्यतेचे असतात. हे पत्र कादंबरीकडे काय मागते, कोणती कादंबरी ती मागणी पुरी करू शकते आणि कोणती करू शकत नाही, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

प्रथम मध्यस्थाविषयी. 'दलाल' हा शब्द आपल्या कानाला बरा लागत नाही, आणि साहित्याच्या क्षेत्रात तो आला की आपण अधिकच नाक मुरडतो. असे नाक मुरडणारे इंग्लंडातही होते. अलेक्झांडर पोलॉक वॉट या स्कॉटिश गृहस्थाने १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये हा धंदा सुरू केला. लेखकाचे लेखन विकून द्यावयाचे आणि आलेल्या पैशातून शेकडा दहा आपण घ्यावयाचे, असा त्याचा हिशेब होता. किपलिंग आणि कॉनन डॉइल यांच्यासारखे लेखक त्याच्याकडे आले. प्रकाशकांना हा तिसरा माणूस अर्थातच खुपला. विल्यम हाइनमन या नामांकित प्रकाशकाने १८९० च्या दशकात मध्यस्थांवर कडाडून टीका केली. लेखक आणि प्रकाशक यांच्या घरोब्यात हा उपरा कशाला, असा तिचा सूर होता. परंतु त्या घरोब्यात लेखकाच्या वाट्याला काय येत होते हे लेखकांना पक्के ठाऊक होते. पुस्तकाचा सर्व हक्क एकरकमी विकून मोकळा झालेला आणि पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत असताना नुसता पाहत बसलेला लेखक आपल्याकडेही अपरिचित नाही.

जेम्स पिंकर या मध्यस्थाचे उदाहरण तर आवर्जून पाहण्यासारखे आहे. १८९६ साली त्याने आपली कचेरी उघडली. जोसेफ कॉनरॅड हा त्याचा लेखक. कॉनरॅडची पुस्तके खपत नव्हती, त्याचे लेखन वेळेवर पुरे होत नव्हते, घरात दुखणी होती. पिंकर त्याला वर्षानुवर्षे उसने पैसे देत राहिला. हे ऋण हजार पौंडांच्या वर गेले, आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दोघांचे कडाक्याचे भांडणही झाले. पुढे १९१४ साली 'चान्स' ही कादंबरी खपली तेव्हा कुठे कॉनरॅडला बरे दिवस दिसले. या दलालाने आपल्या लेखकाला जगविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तेव्हा दोष मध्यस्थ या संस्थेचा आहे असे प्रस्तुत लेखकाला मुळीच म्हणावयाचे नाही.

बदल झाला तो पुढे. इंग्रजीतील बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्थांनी परस्पर आलेली हस्तलिखिते पाहणेच बंद केले. जे येईल ते मध्यस्थामार्फत आले पाहिजे. त्यामुळे मध्यस्थाचे टेबल ही गावाची वेस झाली आणि वेशीवर गर्दी उसळली. गर्दीतून निवड करावयाची तर प्रत्येकाचे हस्तलिखित वाचणे शक्य नाही, म्हणून पत्र. ब्रिटनमध्ये पत्राबरोबर कथानकाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे मागवितात. अमेरिकेत पुष्कळदा आधी पत्र आणि फार तर पहिली पाच-दहा पाने पाठवावयाची असतात. मध्यस्थाची टक्केवारी आता दहावरून पंधरावर गेली आहे, आणि परदेशी हक्कांवर ती सामान्यतः वीस असते. मात्र पुस्तक विकले गेले तरच ती मिळते. नुसते वाचण्याचे पैसे मागणारा मध्यस्थ सचोटीचा नव्हे, हे तिथे नवशिक्यालाही सांगितले जाते. म्हणजे पत्र वाचण्यात घालविलेला वेळ हा मध्यस्थाच्या पदरचा असतो. ते भराभर वाचले जाते याचे कारण हे आहे. त्यात तुच्छता असतेच असे नाही.

या पत्राची ठेवण पाहिली की आपल्या वाचकांना एका ओळखीच्या कागदाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तो कागद म्हणजे लग्नाच्या स्थळाचे टिपण. उंची, शिक्षण, वर्ण, घराणे, अपेक्षा. विचारणापत्रातही कादंबरीची शब्दसंख्या असते, तिची जात असते (रहस्यकथा, ऐतिहासिक, कौटुंबिक), आणि घराणे म्हणून अलीकडच्या दोन यशस्वी पुस्तकांची नावे असतात: ज्या वाचकाला अमुक आवडले त्याला हेही आवडेल. मधल्या भागात कथानक. नायक कोण, त्याला काय हवे आहे, आड काय येते, आणि ते न मिळाल्यास तो काय गमावील, या चार प्रश्नांची उत्तरे दोन परिच्छेदांत बसवावयाची. शेवट मात्र सांगावयाचा नाही. तो सारांशात सांगावयाचा. स्थळाच्या टिपणात खोटे असतेच असे नाही. तरीही टिपण वाचून माणूस कळला असे शहाणी माणसे समजत नाहीत. मुलीचा स्वभाव, तिचे हसणे, तिचा अबोला यांना त्या कागदावर रकाना नसतो.

कादंबरीच्या बाबतीत रकान्याबाहेर काय राहते? हे पाहण्यासाठी आपल्याच दोन कादंबऱ्या घेऊ. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ सालची. तिच्यासाठी विचारणापत्र लिहावयाचे झाले तर कोणालाही ते तासाभरात जमेल. महायुद्धाच्या तोंडावर युरोपहून मुंबईकडे निघालेली आगबोट. तिच्यावर एक महाराष्ट्रीय तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी. प्रवासाच्या मोजक्या दिवसांत जडलेले प्रेम. आणि मुंबईच्या बंदरात त्याला उतरावयाचे आहे, तिला उतरता येत नाही. चारही प्रश्नांची उत्तरे अशी मिळतात की कोणताही मध्यस्थ सावरून बसेल आणि उरलेली पाने मागवील.

आता भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला' घ्या. खानदेशातील खेड्यातला एक मुलगा शिकण्यासाठी पुण्याला येतो. वसतिगृहात राहतो, पैसे उधळतो, परीक्षेत अपयशी होतो आणि गावी परत जातो. त्याला काय हवे आहे? ते त्याला नीटसे ठाऊक नाही. आड काय येते? विशेष असे काही नाही. काय गमावील? सांगणे कठीण. घराणे सांगावे तर आधीचे तसे पुस्तक नाही. ही उत्तरे वाचून तीनशे पत्रांच्या ढिगाऱ्यापुढे बसलेल्या माणसाने 'कळविण्यास खेद वाटतो' असे उत्तर धाडले तर त्याला दोष देणे कठीण आहे. कारण या कादंबरीत जे आहे ते पांडुरंग सांगवीकराच्या बोलण्यात आहे. त्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मध्ये आहे, थट्टा करता करता एकाएकी धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी येऊन थांबणाऱ्या त्या आवाजात आहे. तो आवाज सांगता येत नाही, ऐकावाच लागतो. 'कोसला' छापली ती रा. ज. देशमुख यांनी, आणि ती हस्तलिखित वाचून.

यावरून सांगता येणारी कादंबरी हलकी आणि न सांगता येणारी थोर, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. 'रणांगण' सांगता येते म्हणून ती लहान ठरत नाही. उलट तिचे मोठेपणही त्या दोन ओळींत नाहीच. त्याच दोन ओळींवरून एखादी रडवी, भाबडी प्रेमकथा लिहिता आली असती. बेडेकरांनी ती लिहिली नाही, हे पत्रावरून कळणार नाही. म्हणजे पत्र एका चांगल्या कादंबरीला आत घेते आणि दुसरीला बाहेर ठेवते. पण दोन्ही वेळा ते कादंबरीच्या गुणाला स्पर्श न करताच निर्णय देते. आशय आणि आविष्कार वेगळे काढता येतात काय, यावर आपल्या समीक्षेत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. विचारणापत्र त्या वादात पडत नाही. ते दोन्ही वेगळे होतात असे गृहीत धरते आणि पुढचे काम सुरू करते.

याहून चमत्कारिक अडचण अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' या कादंबरीची झाली असती. केरळमधील एका घरातील जुळी भावंडे, पाहुणी आलेली मामेबहीण, तिचे बुडणे, जातीची मर्यादा ओलांडणारे प्रेम आणि त्याची भयंकर शिक्षा. पत्राला हे साहित्य भरपूर आहे. परंतु पत्राचा नियम असा की शेवट झाकून ठेवावा आणि उत्कंठा वाढवावी. रॉय यांची कादंबरी तर ती मुलगी मेली हे प्रारंभीच सांगून टाकते. काय घडले हे वाचकाला लवकरच कळते. ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या वाटांनी, मुलांच्या नजरेने भोगावयास लावणे यात तिची सारी शक्ती आहे. तेव्हा पुस्तक जे उघड करते ते पत्राने लपवावे लागले असते, आणि पुस्तक ज्यावर उभे आहे ते सांगण्यास पत्रात जागा उरली नसती.

प्रत्यक्षात असे पत्र लिहिण्याची पाळी आलीच नाही. हस्तलिखित पंकज मिश्र यांनी वाचले. ते तेव्हा दिल्लीत एका प्रकाशनसंस्थेत संपादक होते. वाचून त्यांनी ते लंडनला डेव्हिड गॉडविन या मध्यस्थाकडे पाठविले. गॉडविन यांनी ते वाचले आणि लेखिकेला भेटण्यासाठी ते विमानाने दिल्लीला आले. १९९७ साली पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्याला बुकर पारितोषिक मिळाले. इथेही मध्यस्थ आहेच. फरक इतकाच की त्याच्यापुढे वाचून भारावलेला एक वाचक आणि प्रत्यक्ष पाने आली, टिपण आले नाही.

त्याच १९९७ साली इंग्लंडात आणखी एक पुस्तक निघाले, आणि ते आज घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. जे. के. रोलिंग यांची कोणाशी ओळखदेख नव्हती. ग्रंथालयातील यादीतून मध्यस्थांची नावे काढून त्यांनी 'हॅरी पॉटर'च्या पहिल्या भागाची तीन प्रकरणे पाठविली. पहिल्या मध्यस्थाने ती परत केली. दुसऱ्याने, ख्रिस्तोफर लिटल यांच्या कचेरीने, उरलेली मागवून घेतली. पुढे बारा प्रकाशकांनी नकार दिला. अखेर ब्लूम्सबरी या संस्थेच्या अध्यक्षांनी पहिले प्रकरण घरी नेऊन आपल्या आठ वर्षांच्या मुलीला वाचावयास दिले. तिने ते संपविले आणि पुढचे कुठे आहे म्हणून बापाच्या मागे लागली. बाजारात काय खपते, कोणत्या पुस्तकाशी याचे साम्य आहे, असले काहीही त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. ती नुसती वाचत गेली. एका अनोळखी बाईला यादीच्या आधाराने दार उघडता आले, हे या पद्धतीच्या बाजूने मांडले पाहिजे. आणि निर्णय मात्र पाने वाचून झाला, हेही विसरता कामा नये.

पण पाने वाचणे म्हणजे तरी किती पाने? विल्यम गोल्डिंग यांचे उदाहरण इथे मोठे बोलके आहे. गोल्डिंग हे सॉल्झबरी येथील शाळामास्तर. त्यांनी १९५३ साली फेबर या संस्थेकडे एक कादंबरी धाडली. अनेक ठिकाणांहून परत आल्यामुळे तिची पाने पिवळट पडून दुमडलेली होती. सोबतचे पत्र दोन वाक्यांचे: एका नेहमीच्या प्रसंगाचे हे रूपकात्मक विवरण आहे असे म्हणता येईल, आणि आपण ती प्रकाशित करू शकाल अशी आशा आहे. इतके निरुत्साही पत्र शोधूनही सापडणार नाही. संस्थेच्या वाचक बाईंनी चार पाने चाळून ती रद्दी, कंटाळवाणी आणि निरर्थक असल्याचा शेरा मारला. आणि नवल असे की तो शेरा अगदीच निराधार नव्हता. कादंबरीचा आरंभ अणुयुद्धाच्या वर्णनाचा होता आणि तो रटाळ होता. चार्ल्स माँटिथ हे तिथे नुकतेच लागलेले संपादक. त्यांनी तो आरंभ ओलांडून पुढे वाचले. पुढे बेट होते, त्यावर एकटी पडलेली मुले होती. मग त्यांनी वरिष्ठांशी वाद घालून पुस्तक राखले, गोल्डिंग यांच्याकडून सुरुवात काढवून घेतली, नाव बदलले. १९५४ साली 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' प्रसिद्ध झाली. १९८३ साली तिच्या लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. पत्र नापास, पहिली पाने नापास, आणि पुस्तक असे. तेव्हा पत्राऐवजी पहिली दहा पाने मागवा म्हणजे झाले, इतका हा प्रश्न सोपा नाही. कोणीतरी पुढे वाचले पाहिजे, याला पर्याय नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठीत लिटररी एजंट हा प्रकार रुजलेला नाही. इथे लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे किंवा संपादकाकडे जातो. आपल्या ग्रंथव्यवहारातही एक प्रसिद्ध पत्र आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा वाचल्यानंतर लेखकाला पत्र लिहीत. कथा कुठे सैल आहे, कोणते वाक्य खोटे वाटते, शेवट कुठे व्हावयास हवा होता, हे त्यात असे. कित्येकांनी अशी पत्रे जपून ठेवली आणि त्यांतून ते लेखक म्हणून घडले. एक पत्र वाचण्याआधी लेखकाने लिहावयाचे आणि दुसरे वाचल्यानंतर संपादकाने लिहावयाचे, या दोन पत्रांत एका संस्कृतीचे अंतर आहे. पहिल्यात लेखक आपल्या कृतीची शिफारस करतो. दुसऱ्यात वाचक कृतीला उत्तर देतो.

मात्र येथे आपली पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. वाचण्यानंतरचे पत्र ज्यांना आले त्यांच्यासाठी ती पद्धत उत्तम होती. ज्यांचे लेखन त्या अभिरुचीच्या चौकटीत बसत नव्हते, ज्यांची भाषा त्या टेबलावर परकी वाटत होती, त्यांचे काय? १९६९ साली लघुनियतकालिकांतील तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तो उगाच नव्हे. दलित लेखकांसाठी गंगाधर पानतावणे यांना 'अस्मितादर्श' चालवावे लागले, तेही उगाच नव्हे. पुण्या-मुंबईत ओळख असणाऱ्याला हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावे हे कळते. परभणीच्या किंवा कुडाळच्या मुलीला ते कसे कळावे? विचारणापत्राच्या पद्धतीत निदान पत्ता जाहीर असतो, काय पाठवावे ते जाहीर असते, आणि कोणाची चिठ्ठी आणण्याची गरज नसते. रॉय यांचे हस्तलिखित हातोहात गेले ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याला असा हात नाही त्याच्यासाठी दारावर एखादी पत्रपेटी हवीच. ही बाजू डावलून विचारणापत्राची टिंगल करणे हे ओळखीपाळखी असलेल्यांचे सुखवस्तू चाळे ठरतील.

तेव्हा हे पत्र असावे. पण त्याने आपली पायरी ओळखावी. खरे संकट पत्र लिहावे लागते हे नव्हे. पत्र डोळ्यांपुढे ठेवून कादंबरी लिहिली जाते, हे आहे. इंग्रजीतील मार्गदर्शक मंडळी नवोदितांना कधीकधी असा सल्ला देतात की कादंबरी सुरू करण्यापूर्वीच तिचे दोन ओळींचे सार लिहून पाहा; ते आकर्षक होत नसेल तर कल्पना बदला. हा सल्ला धंद्याला धरून आहे आणि काही कथांना तो उपकारकही ठरेल. परंतु जी कादंबरी लिहिता लिहिताच लेखकाला सापडावयाची असते, तिचा तो जन्मापूर्वीच केलेला निकाल आहे. अशा सल्ल्याने 'रणांगण' कदाचित वाचेल. 'कोसला' लिहिलीच जाणार नाही. आणि न लिहिल्या गेलेल्या पुस्तकासाठी कोणी हळहळतही नाही, कारण ते नव्हते हे कोणाला कळतच नाही.

आपल्याकडेही आता 'कादंबरीचा विषय दोन ओळींत कळवा' असे विचारले जाऊ लागल्यास आश्चर्य वाटावयास नको. तसे विचारले गेले तर लेखकाने रुसू नये. त्या दोन ओळी त्याने प्रामाणिकपणे लिहाव्यात; पण त्या कादंबरी पुरी झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, आणि आपल्याच पुस्तकाचा एक वाचक होऊन लिहाव्यात. पहिले पान उलटावेसे वाटेल इतपत सांगितले की तिचे काम झाले. आणि विचारणाऱ्यानेही त्या ओळींवर निकाल देऊ नये. टिपण पाहून नकार कळविण्याची सोय सर्वांनाच असते. माँटिथ यांनी ती घेतली नाही आणि ते पुढे वाचत राहिले. संपादक असो, मध्यस्थ असो वा तुमच्याआमच्यासारखा दिवाळी अंक चाळणारा वाचक असो, पहिली पाने मनाजोगती नसतानाही आणखी थोडे पुढे वाचून पाहण्याची सवय त्याने सोडू नये. नव्या लेखकाला याहून अधिक काही देण्यासारखे आपल्यापाशी नाही.